वहीतली गाय

आमच्या भाषेत वर्गणी काढण्याला
गाय करणं म्हणतात. छोटी गाय. वाकीन्या.
का, ते किटेरियालाही ठाऊक नाही,
आणि तिला रेसिफेतलं सगळं ठाऊक असतं:
कुठल्या दवाखान्यात नर्स आपलं खरं नाव विचारते,
कुठल्या चौकीसमोरून उंच टाचा हातात घेऊन जायचं.

आमची गाय बिस्किटाच्या डब्यात राहते.
झाकणाला गंज. आत चुरगळलेल्या नोटा,
थोडी चिल्लर, कुणाची तरी गहाण बांगडी
आणि वही.
वही मी लिहिते. माझं अक्षर बरं आहे, एवढंच कारण.

मार्चात जोसिमाराची खोली गेली.
घरमालकाला तिचं जुनं ओळखपत्र सापडलं.
एकशे ऐंशी रेआल. त्यातले चाळीस
झुलेइदीमायच्या पूजाघरातून आले,
जिथे रात्री ढोल वाजला की शेजारी दगड मारतात
आणि सकाळी तेच शेजारी
पोरांची दृष्ट काढून घ्यायला रांगेत उभे असतात.
मे महिन्यात नदी चढली, पूजाघराचे पत्रे गेले.
तीनशे दहा.
त्यातले पंचवीस जोसिमाराचे,
केस कापून मिळवलेले,
म्हणजे दुसऱ्यांचे. स्वतःचे ती कापू देत नाही.

जुलैत योर्लेनी आली, पुलाजवळच्या छावणीतून.
तिचे लोक वाराओ, सीमेपलीकडून चालत आलेले.
तिला आमची भाषा येईना, आम्हाला तिची.
बाळाच्या दुधाला साठ हवे होते.
ती बोटं दाखवू लागली:
दहा, दहा, दहा,
चौथ्या दहाला किटेरिया रडू लागली,
मग हसू लागली, मग तिने डबा उघडला.
सप्टेंबरात योर्लेनीने एक झोळणा आणून
आमच्या ओसरीत टांगला, ताडाच्या दोराचा, स्वतः विणलेला.
किंमत काय लिहू?
मी लिहिलं: झोळणा.

मध्ये एक मोठी संस्था आली होती, समुद्रापलीकडची.
अर्ज पस्तीस पानी.
देणारे किती, लाभार्थी किती?
दोन रकाने, मध्ये जाड रेघ.
रात्रभर वही घेऊन बसले.
डावीकडे जोसिमारा. उजवीकडे जोसिमारा.
डावीकडे पूजाघर, उजवीकडे पूजाघर.
पहाटे दोन्हीकडे एकच आकडा लिहून पाठवला.
त्यांनी कळवलं, माहिती विसंगत आहे.
दुभत्या गाईच्या लाथा गोड, मी म्हणाले.
झुलेइदीमाय म्हणाली, असतील.
दूध कुठाय?

आणि हेही लिहिलं पाहिजे.
त्याच्या आदल्या वर्षी मार्लुसिया डबा घेऊन गेली होती.
चारशे बावीस रेआल, बांगडीसकट.
आम्ही तिला काय काय म्हणालो, ते वहीत नाही.
मी तिचं नाव खोडलं, इतकं जोरात
की मागचं पान फाटलं,
आणि त्या पानावर माझंच देणं होतं.

या नोव्हेंबरात ती दारात उभी.
अर्धी झालेली. एक दात कमी.
बांगडी तेवढी होती, रुमालात बांधलेली.
किटेरियाने मक्याचा कुस्कुस वाढला, वर अंडं.
कुणी काही विचारलं नाही,
कुणी तिच्या शेजारी बसलंही नाही.
ताट धुऊन झाल्यावर तीच म्हणाली,
विजेचं बिल किती आलंय?
सांगितलं.
खिशात हात घालून ती बराच वेळ उभी राहिली.
सात रेआल.

मी पेन शोधत राहिले,
ते कानामागेच होतं.
मनात काही विरघळलं बिरघळलं नाही.
मी तिचं नाव लिहिलं.
पुढे सात.